लॅब्रॅडॉरचा कान दर पावसाळ्यात बिघडतो. थेंब थांबवले की पुन्हा तेच

प्रश्न : खाडीकाठ (चिपळूण)

नमस्कार. आमच्याकडे बंड्या नावाचा लॅब्रॅडॉर आहे. वय ४ वर्षे, वजन ३४ किलो, लसीकरण वेळच्या वेळी झालेले, खाणेपिणे उत्तम. मात्र मृग लागून पंधरवडा उलटत नाही तोच त्याचे कान बिघडतात, आणि हे आता दर पावसाळ्याचे झाले आहे. आधी तो डोके जोरजोराने झटकू लागतो, मग मागच्या पायाने कानाच्या बुडाशी खाजवतो आणि दिवाणाच्या कडेला कान घासत फिरतो. कानाची पाळी उलटून पाहिली तर आतली कातडी लालबुंद झालेली असते, तपकिरी चिकट मळ साचलेला असतो आणि आंबूस वास येतो. उजव्या कानाला त्रास अधिक, डाव्याला थोडा कमी.

येथील डॉक्टर कानात डोकावून थेंब लिहून देतात. तीन-चार दिवसांत लाली उतरते, आठवड्याभरात कान स्वच्छ दिसू लागतो. थेंब बंद केल्यावर थोडे दिवस बरे जातात आणि मग सगळे पहिल्यापासून सुरू होते. गेल्या वर्षीची एक बाटली अर्धी शिल्लक आहे, ती वापरली तर चालेल का? शेजारच्या काकू लसूण घालून कोमट केलेले खोबरेल तेल सोडायला सांगतात, त्याचा उपयोग होतो का? बंड्याला परसातल्या हौदात डुंबायला फार आवडते, ते बंद करावे का? शिवाय दुखणे साधे आहे की गंभीर, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

संबंध आहे की नाही ठाऊक नाही, पण तो पुढचे पंजे सतत चाटतो. बोटांच्या मधले फिकट केस त्यामुळे तांबूस झाले आहेत.

उत्तर : दवाखान्यातून (सातारा)

मी पशुवैद्य आहे. कुत्रा प्रत्यक्ष न तपासता औषध सांगणे योग्य नाही, त्यामुळे कोणत्याही थेंबांचे नाव लिहिणार नाही. परंतु आपल्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी, जाता जाता लिहिले आहे, एवढे नक्की सांगतो. पंजे चाटणे आणि कान बिघडणे या दोन गोष्टी एकाच कुत्र्यात दिसल्या, की पशुवैद्याच्या मनात पहिला विचार ॲलर्जीचा येतो. कानाची नळी आतून त्वचेनेच मढलेली असते. अंगाच्या त्वचेला ॲलर्जीने खाज सुटते तशीच ती कानातल्या त्वचेलाही सुटते, आणि कित्येक कुत्र्यांत कान हेच तिचे पहिले आणि काही काळ एकमेव ठिकाण असते.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात वळून आडवी पडद्यापर्यंत जाते. या वळणामुळे आत साचलेला मळ आणि ओल सहज बाहेर पडत नाही. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल अशा लोंबत्या पाळीच्या जातींत वरून झाकणही बसलेले असते. ॲलर्जीमुळे त्वचा सुजली, की मळ अधिक सुटतो, नळी अरुंद होते, आतली ऊब आणि दमटपणा वाढतो आणि मॅलासेझिया नावाची बुरशी तेथे फोफावते. ही बुरशी बाहेरून आलेली नसते. निरोगी कुत्र्याच्या कानातही ती थोड्या प्रमाणात राहते. आपण वर्णन केलेला तपकिरी चिकट मळ आणि आंबूस वास तिच्याकडेच बोट दाखवतो. पावसाळ्यात कोकणातली हवा सतत दमट असते आणि घरात धुळीतले सूक्ष्म कीटक व बुरशीचे बीजाणूही वाढतात, म्हणून दुखणे मृगाबरोबर डोके वर काढते. पाऊस हा मूळ दोषी नव्हे, तो निमित्त आहे.

थेंबांनी बरे वाटून पुन्हा तेच का होते, याचे उत्तर थेंबांच्या घटकांत आहे. कानाच्या बहुतेक थेंबांत जिवाणूनाशक, बुरशीनाशक आणि स्टिरॉइड अशी तीन औषधे एकत्र असतात. त्यांपैकी स्टिरॉइड सर्वांत आधी काम करते. लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत जाते, कुत्रा शांत झोपतो आणि मालकाला काम फत्ते झाले असे वाटते. बुरशी मात्र खालच्या आडव्या भागात तशीच असते. शिवाय तिचा पुरता नायनाट झाला, तरी ज्या ॲलर्जीने तिला जागा करून दिली ती कायमच असते.

म्हणून पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना स्वॅब, म्हणजे कानातल्या मळाचा नमुना, काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विनंती करा. काचपट्टीवर मळ पसरायचा, रंग द्यायचा आणि पाहायचे. दवाखान्यात थोडक्या वेळात आणि कमी खर्चात होणारी ही तपासणी आहे. बुरशी आहे, गोल जिवाणू आहेत की दांड्याच्या आकाराचे जिवाणू आहेत, हे तिच्यावरून कळते. दांड्याच्या आकाराचे जिवाणू दिसले तर स्यूडोमोनास असण्याची शक्यता असते. त्यात पिवळट-हिरवा पू येतो, कातडीला व्रण पडतात, कान इतका दुखतो की कुत्रा हात लावू देत नाही आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना हा जिवाणू अनेकदा दाद देत नाही. तेव्हा कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून, कोणते औषध लागू पडते हे पाहावे लागते. नुसत्या डोळ्यांनी किंवा वासावरून हा भेद खात्रीने करता येत नाही, माझ्यासारख्यालाही नाही.

अर्धी बाटली टाकून द्या. गेल्या वर्षी कानात जे होते तेच यंदा आहे, असे गृहीत धरता येत नाही. आणखी एक कारण अधिक गंभीर आहे. जुनाट दुखण्यात कानाचा पडदा फाटलेला असू शकतो, आणि जेंटामायसिनसारखी काही औषधे पडद्यापलीकडे गेली तर बहिरेपण येऊ शकते किंवा तोल जाऊ शकतो. त्यामुळे थेंब सोडण्याआधी ऑटोस्कोपने (कानात डोकावण्याच्या दिव्याच्या उपकरणाने) पडदा पाहणे आवश्यक असते. सुजेमुळे तो दिसतच नसेल, तर काही दिवस तोंडावाटे सूज उतरवणारे औषध देऊन मग पाहतात.

लसणाचे तेल नको. लसूण पोटात गेल्यास कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना अपाय करतो, आणि कानातले तेल पाळीवरून ओघळून पंजामार्फत तोंडात जातेच. कोमट म्हणून सोडलेले तेल अनेकदा अपेक्षेपेक्षा गरम असते, हा वेगळा धोका. पाळीच्या बाहेरच्या भागावर सुकलेली खपली मऊ करण्यासाठी साधे खोबरेल तेल लावायला माझी हरकत नाही. नळीत मात्र ते मळाला चिकटून बसते आणि त्यानंतर सोडलेले औषध त्वचेपर्यंत पोहोचत नाही.

हौदात डुंबणे कायमचे बंद करण्याची गरज नाही. कान लाल असेपर्यंत थांबवा. नंतर डुंबून झाल्यावर पशुवैद्यकीय ईअर क्लीनरने कान साफ करून पाळी कोरडी करा.

उत्तर : कोथरूडकर (पुणे)

डॉक्टरांनी कारण सांगितले आहे. रोजच्या व्यवहाराबद्दल मी थोडे लिहिते. आमच्याकडे कॉकर स्पॅनियल आहे, त्यामुळे कान साफ करणे हा आमच्या घरचा नित्यक्रमच आहे, आणि कसे करायचे हे कोणी नीट दाखवत नाही.

क्लीनरची बाटली वापरण्याआधी थोडा वेळ हातात धरून ठेवावी. गार पाणी कानात पडले की कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी बाटली दिसताच पलंगाखाली जातो. पाळी हलकेच वर धरायची म्हणजे नळी सरळ होते. बाटलीचे टोक कानाला टेकू न देता नळी भरेल इतके द्रावण सोडायचे आणि लगेच कानाच्या बुडाशी, गालाच्या मागे, जिथे कुर्चेची कडक नळी बोटांना लागते तिथे अंगठा व तर्जनीने चोळायचे. आत पाणी खेळल्याचा चुबुक-चुबुक आवाज येतो. तो आला म्हणजे द्रावण खाली पोहोचले. अर्धा मिनिट चोळून झाल्यावर सोडून द्यायचे आणि आपण दोन पावले मागे सरायचे, कारण तो डोके झटकणार आणि सगळा मळ भिंतीवर येणार. हे काम न्हाणीघरात करावे, हा माझा आग्रहाचा सल्ला. मग बोटाला कापूस किंवा गॉज गुंडाळून बोट जाईल तेवढेच पुसायचे. कापसाच्या काडीने मळ आणखी खाली दाबला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर यांतले काहीही लाल झालेल्या कानात घालू नये, भयंकर आग होते. थेंब द्यायचे असतील तर साफसफाईनंतर थोडा वेळ जाऊ देऊन द्यावेत, म्हणजे ते पातळ होत नाहीत.

निरोगी कान उगाच रोज धुऊ नये, हेही तितकेच खरे. फिकट गुलाबी कातडी, किंचित मेण आणि वास नाही, असा कान असेल तर त्याला हात लावू नका. शित्झू आणि पूडलवाल्यांसाठी एक सूचना : ग्रूमिंगच्या दुकानात कानातले केस सरसकट उपटून देतात. दुखणे नसताना तसे केल्याने नळीला इजा होते, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारावे.

बंड्याच्या ॲलर्जीचा शोध घेताना आहाराची चाचणी कराल असे वाटते, म्हणून तिची कल्पना देते. डॉक्टर ठरवतील तो एकच आहार किमान ८ आठवडे द्यायचा असतो. तो एक तर कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनाचा, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेला खास तयार आहार असतो. कुत्र्यांत अन्नाच्या ॲलर्जीला सर्वाधिक कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत गोमांस, दूधदुभते, कोंबडी आणि गहू येतात. म्हणजे आपल्याकडच्या दूध-पोळीपासून चिकन-भातापर्यंत सगळेच संशयित! आहार पाळणे कुत्र्याला जड जात नाही, घरच्यांना जाते. सासूबाईंच्या ताटातली चतकोर पोळी, वॉचमनकाकांचे ग्लुकोज बिस्किट, इतकेच काय पण मांसाचा स्वाद दिलेली जंताची गोळी, यांपैकी काहीही मध्ये आले तर निकालाला अर्थ उरत नाही. आमच्याकडे फ्रिजवर सूचना लावावी लागली होती. आहाराने खाज थांबली, तर जुना आहार परत देऊन खाज पुन्हा येते का हे पाहायचे. तेव्हाच निदान पक्के होते. ॲलर्जीच्या रक्ततपासण्यांतून अन्नाच्या ॲलर्जीचे निदान भरवशाने होत नाही, त्यावर पैसे घालवू नयेत.

उत्तर : माळरान (पुरंदर)

वरची चर्चा घरात राहणाऱ्या कुत्र्यांची आहे. शेतावरच्या कुत्र्यांचे कान बहुधा वेगळ्याच कारणांनी बिघडतात, म्हणून ती मांडतो.

पावसाळा सरला की माळावरचे गवत वाळते आणि कुसळे सुटतात. कुसळाचे टोक अणकुचीदार असते आणि अंगावरच्या बारीक केसांमुळे ते पुढेच सरकते, मागे येत नाही. सकाळी चांगला असलेला कुत्रा रानातून आल्यावर अचानक एकाच बाजूला मान वाकडी करून वेड्यासारखे डोके झटकू लागला, तर कुसळ गेले असे समजावे. दोन्ही कान हळूहळू बिघडणे वेगळे आणि एकच कान तासाभरात बिघडणे वेगळे. कुसळ दिसत असेल तरी चिमट्याने ओढू नये. तुटले तर टोक आत राहते आणि पडदाही फाडते. डॉक्टर गुंगी देऊन लांब चिमट्याने काढतात.

दुसरे कारण गोचीड. पाळीच्या आतल्या घडीत आणि नळीच्या तोंडाशी त्या ओळीने बसतात. दिसणारी गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल, तंबाखूचे पाणी, पेटती काडी यांच्या भानगडीत पडू नये. गोचिडीमुळे एर्लिकिया या जिवाणूचा ताप येतो, त्यामुळे कानाबरोबर कुत्रा मलूल झाला, खाणे सोडले किंवा नाकातून रक्त आले तर रक्त तपासून घ्यावे.

तिसरे म्हणजे रस्त्यावरून उचलून आणलेली पिल्ले. त्यांच्या कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळपट कोरडा मळ आणि असह्य खाज असेल, तर ते बहुधा कानातील माइट्स, म्हणजे सूक्ष्म कीटक, असतात. त्यांचे जीवनचक्र सुमारे ३ आठवड्यांचे असते, म्हणून उपचार मध्येच सोडले की अंड्यांतून नवी पिढी बाहेर येते. घरात मांजर असेल तर तिच्यावरही एकाच वेळी उपचार करावे लागतात. इथे एक इशारा देतो. खेड्यांत गुरांचे आयव्हरमेक्टिन हे परजीवीनाशक औषध अंदाजाने कुत्र्याला टोचतात. कोलीसारख्या काही जातींना आणि त्यांच्या संकरांना ते मेंदूवर परिणाम करून जिवावर बेतू शकते. आता कुत्र्यांसाठी सुरक्षित गोळ्या आणि मानेवर सोडायची औषधे मिळतात, तेव्हा हा खेळ करण्याचे काही कारण उरलेले नाही.

शेवटचे आणि सर्वांत वाईट म्हणजे जखमेत आळ्या पडणे. कानाला चावा बसला किंवा खाजवून जखम झाली, की माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत आतून कान पोखरला जातो. घाण वास, रक्ताळ पाणी आणि कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेला कुत्रा, ही त्याची खूण. लोक फिनेल ओततात, डांबरगोळ्यांची पूड भरतात. आळ्या मरतात, पण कानही जातो आणि डांबरगोळीचे विष कुत्र्याच्या अंगात भिनते. अशा वेळी थेट दवाखाना गाठावा. भटके कुत्रे असेल तर वेदनेने चावण्याची शक्यता असते, त्यामुळे तोंड बांधल्याशिवाय कानाला हात लावू नये, आणि चावलेच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी जावे. पाळीच्या टोकाला व्ही आकाराची जुनी, भरलेली खाच दिसली तर ती मात्र जखम नव्हे; नसबंदी झाल्याची ती खूण असते.

प्रश्नकर्ता : खाडीकाठ (चिपळूण)

सर्वांचे आभार. डॉक्टरांना विनंती केली, त्यांनी स्वॅब काढून पाहिला. दोन्ही कानांत बुरशी भरपूर आहे, जिवाणू थोडे. पडदे शाबूत आहेत. नवे थेंब आणि क्लीनर सुरू केले. ॲलर्जीचा विचार करायला तेही तयार आहेत. दोन शंका उरल्या. थेंब नेमके कधी थांबवावेत? आणि कालपासून उजव्या पाळीचा खालचा भाग फुगून मऊ लागतो आहे, दाबल्यावर आत पाणी असल्यासारखे वाटते. हा त्याच दुखण्याचा भाग आहे का?

उत्तर : दवाखान्यातून (सातारा)

फुगवटा आधी सांगतो, कारण तो थांबण्यासारखा नाही. सतत डोके झटकल्याने पाळीतली लहान रक्तवाहिनी फुटते आणि कातडी व कुर्चा यांच्यामध्ये रक्त साठते; ही रक्तगाठ आहे असे आपल्या वर्णनावरून वाटते. तिने जीव जात नाही, परंतु तशीच सोडली तर पाळी आकसून कायमची चुरगळलेली राहते आणि नळीचे तोंड अरुंद होऊन कान पुन्हा बिघडायला आणखी एक कारण मिळते. घरी सुई टोचून रक्त काढू नका, ते पुन्हा भरते आणि जंतुसंसर्ग होतो. लहान गाठीत काही डॉक्टर रक्त काढून आत स्टिरॉइड देतात, मोठ्या गाठीत शस्त्रक्रिया करून टाके घालतात. कोणता मार्ग हे गाठ पाहूनच ठरते. तोपर्यंत मोठ्या मोज्याचे टोक कापून तो डोक्यावरून चढवा आणि पाळी डोक्याला लगटून ठेवा. श्वास घेण्यास अडचण होणार नाही इतका तो सैल हवा.

थेंब थांबवण्याचा दिवस बाटलीवरून किंवा लाली उतरण्यावरून ठरवायचा नाही. ठरलेली मुदत संपताना पुन्हा स्वॅब पाहायचा. त्यात बुरशी नेहमीच्या पातळीवर आली असेल तरच औषध बंद करायचे. कान डोळ्यांना निरोगी दिसत असताना काचपट्टीवर बुरशीचा थवा दिसतो, असे मी वारंवार पाहिले आहे. त्यानंतर पावसाळाभर आठवड्यातून एक-दोनदा क्लीनर पुरेसे होते. ॲलर्जीचे निदान पक्के झाले, तर मृगाच्या आधीच खाजेचे औषध सुरू करण्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोला. वर्षानुवर्षे सुजत राहिलेली नळी जाड होते, तिच्यात चुना साठतो आणि मग ती पूर्ण नळी शस्त्रक्रियेने काढून टाकण्याखेरीज इलाज राहत नाही. बंड्याच्या बाबतीत तेथवर जाण्याचे काही कारण नाही, कारण त्याचा पडदा शाबूत आहे आणि वय लहान आहे.

कधी गंभीर समजावे, हे आपण पहिल्याच प्रश्नात विचारले होते आणि ते राहून गेले. डोके एका बाजूला कललेलेच राहणे, चालताना तोल जाणे किंवा गोल फिरणे, बुबुळे आडवी लटपटणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून ओठ लोंबणे, जबडा उघडताना किंचाळणे, यांपैकी एकही दिसले तर दुखणे मध्यकर्णापर्यंत किंवा अंतःकर्णापर्यंत पोहोचले असण्याची शक्यता असते. तेव्हा थेंब बंद करून त्याच दिवशी दाखवावे. जवळ सोय नसेल तर परळ, शिरवळ किंवा नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जाता येते. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या थेंबांच्या रिकाम्या बाटल्या बरोबर न्याव्यात.